मदत हवी आहे: 'गूळ' शब्दाखालची रेघ तुटते (सीएसएस, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा कोड)

हळदपेठ:
मामांच्या गणपती पेठेतल्या दुकानाची साइट करतेय. राजापुरी हळद, गूळ, बेदाणे अशी मालाची नावं आणि प्रत्येक नावाला लिंक. खालची रेघ हळदीच्या रंगाची आणि जरा जाड हवी. पण 'गूळ' आणि 'राजापुरी' मध्ये उकारापाशी रेघ तुटते, मधे भोक पडल्यासारखी. शिवाय मधूनच ती बारीक आणि निळी होते. उद्या संध्याकाळी साइट चालू करायची आहे, मामा सकाळपासून तीनदा विचारून गेले. लवकर सांगा कुणीतरी.

मिरज_कोड:
'मधूनच' म्हणजे कधी? ब्राउझर कुठला? कोड टाका की इथं.

हळदपेठ:
क्रोम. कोड बरोबर आहे हो, तीनच तर ओळी आहेत. टेक्स्ट-डेकोरेशन-लाइन: अंडरलाइन, टेक्स्ट-डेकोरेशन-कलर हळदी, टेक्स्ट-डेकोरेशन-थिकनेस: ०.१२ एम, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या ०.१२ पट जाडी.

जुना_गडी:
ताई, एवढा खटाटोप कशाला? डेकोरेशन नन, म्हणजे बंद करा आणि बॉर्डर-बॉटम, म्हणजे चौकटीची खालची कड द्या. मी दहा वर्षं तेच करतोय, रेघ एकदाही तुटली नाही.

मिरज_कोड:
दादा, लिंक ब्लॉक, म्हणजे पूर्ण रुंदीची चौकट असेल आणि नाव दोन ओळींत गेलं, तर तुमची बॉर्डर फक्त शेवटच्या ओळीखाली येते, तीही पार कडेपर्यंत. मोबाइलवर हमखास होतं हे.
ताई, रेघ तुटते ती तुमच्या चुकीनं नाही. टेक्स्ट-डेकोरेशन-स्किप-इंक मुळातच 'ऑटो' असतं. अक्षराचा खालचा भाग रेघेला भिडला की ब्राउझर तेवढी रेघ सोडून देतो. इंग्रजीत जी, वाय असली चारपाच अक्षरं खाली उतरतात, तिथं ते शोभतं. आपल्याकडे उकार, ऋकार, पायमोडकी अक्षरं. एका ओळीत रेघेचे पाच तुकडे होतात.

जुना_गडी:
मग स्किप-इंक नन करा, विषय संपला.

मिरज_कोड:
नाही संपत. मग रेघ उकाराच्या पोटातून जाते आणि ऱ्हस्व की दीर्घ तेच कळत नाही. 'गूळ' मोठ्या अक्षरात लिहून बघा. रेघ खाली ढकलायला हवी. टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट: ०.३५ एम द्या, फॉन्टप्रमाणे कमीजास्त करा. आणि लाइन-हाइट १.८ तरी ठेवा, नाहीतर रेघ खालच्या ओळीतल्या वेलांटीला आणि रफाराला टेकते.

तासगावकर:
बेदाण्याचा भाव रोज बदलणार का साइटवर? हिरवा आणि पिवळा वेगळा दाखवा. आमच्याकडं दोन्हीच्या भावात बराच फरक असतो.

कऱ्हाडची_शाळा:
जुना भाव खोडून दाखवायचा असेल तर त्याला डेल टॅग लावा, आडवी रेघ आपोआप येते.

हळदपेठ:
भाव खोडायचा नाहीये हो. ऑफसेट दिला, 'राजापुरी' खाली रेघ सलग आली! पण निळी अजून होतेच. माउस नेला की होते, हे मघाशी सांगायचं राहिलं.

मिरज_कोड:
हॉवरला, म्हणजे माउस वर असतानाच्या रूपाला, काय लिहिलंय?

हळदपेठ:
मी काही नाही. थीमच्या फाइलमध्ये आहे, टेक्स्ट-डेकोरेशन: अंडरलाइन.

मिरज_कोड:
सापडलं. टेक्स्ट-डेकोरेशन हे एकत्र लिहायचं रूप आहे. त्यात लाइन, स्टाइल, कलर, थिकनेस असं सगळं येतं, आणि जे लिहिलं नाही ते मूळपदावर जातं. म्हणून रंग अक्षराचा निळा आणि जाडी ब्राउझरच्या मर्जीची. ऑफसेट त्यात मोडत नाही, तो जागेवर राहतो. हॉवरला टेक्स्ट-डेकोरेशन-लाइन: अंडरलाइन एवढंच लिहा.

जुना_गडी:
हे मलाही माहीत नव्हतं. तरी बॉर्डरला ही भानगडच नाही.

हळदपेठ:
झालं! दोन्ही झालं, खूप आभार. पण मामांच्या फोनवर 'गूळ' ची रेघ अजून बारीक आणि तुटकीच दिसते.

मिरज_कोड:
तिथला क्रोम कितवा? ऑफसेट ८७ पासून चालतो, थिकनेस ८९ पासून. अपडेट होत नसेल तर ऑफसेटऐवजी टेक्स्ट-अंडरलाइन-पोझिशन: अंडर द्या, ते जुन्यालाही कळतं.

हळदपेठ:
८३ निघाला. अपडेटला लावलाय.