इटलीची दुसरी वारी: रोमला परत जायचं की रोम गाळायचं?

गंगापूर रोडकर:
रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही ठरलेली तिन्ही शहरं टूर कंपनीबरोबर करून झाली. आता आईला घेऊन आपलं आपण जायचंय. माझं मत, या खेपेला तिन्ही गाळावीत आणि उत्तर इटलीतल्या बोलोन्यात मुक्काम ठोकावा. गाड्यांचं मोठं जंक्शन आहे ते. मोदेना अर्ध्या तासावर, रावेन्ना साध्या गाडीने तासा-सव्वातासावर. प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, आरक्षण लागत नाही. म्हणजे सकाळी आईचे गुडघे काय म्हणतात ते बघून कुठे जायचं ते ठरवता येईल, रोज बॅगा उचलायला नकोत. शहरभर कमानींखालून पदपथ आहेत, २०२१ साली ते युनेस्कोच्या यादीत गेले. ऊन असो की पाऊस, माणूस आडोशाने चालत राहतो. कुणाला वेगळं वाटत असेल तर सांगा.

पंचवटीकर:
दादा, अजिबात पटलं नाही. टूरच्या बसमधून बघितलं त्याला रोम ‘झालं’ म्हणायचं का? शिर्डी-त्र्यंबक करणारी गाडी रामकुंडावर तासभर थांबते, काळाराम मंदिर उरकते, आणि त्या मंडळींचं नाशिक होतं. पांडवलेणी चढून सातवाहनांचे शिलालेख बघायला त्यातले कितीजण जातात?
कोलोसियमपासून चालत थोड्याच अंतरावर सान क्लेमेंते आहे. वर १२व्या शतकातलं चर्च. जिना उतरलात की ४थ्या शतकातलं. आणखी खाली रोमन काळातल्या खोल्या आणि मिथ्र देवतेचं पूजास्थान, तिथे भिंतीपलीकडून पाणी वाहताना ऐकू येतं. एका जिन्यात एवढा इतिहास आहे आणि तुम्ही ते शहर गाळताय! बोर्गेझे संग्रहालयाच्या तर वेळा आधीच घ्याव्या लागतात, ग्रुपच्या धावपळीत ते राहूनच जातं. शिल्पकार बेर्निनीने घडवलेली डाफ्ने तिथे आहे, ग्रीक कथेतली, झाड होत जाणारी तरुणी. बोटांच्या टोकांना पानं फुटतायत, आणि ती पानं संगमरवराची आहेत यावर विश्वास बसत नाही.

गंगापूर रोडकर:
वर्णन वाचून मोह होतोय, खरंच. पण तुम्ही सांगताय ते सगळं जिन्यांचं आहे. आईला दोन मजले खाली उतरवून परत वर कसं आणू?

सिडकोची ताई:
मी दादांच्या बाजूने. रावेन्नासाठी बाकी काहीही सोडावं. रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाची समाधी बाहेरून विटांची, एवढीशी, कुणी वळून बघणार नाही अशी. आत खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या उजेड झिरपणाऱ्या दगडाचे पातळ तुकडे आहेत, त्यातून मधासारखा उजेड येतो. डोळे सरावले की वर मोझेकचं, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं, गडद निळं छत आणि सोनेरी तारे दिसायला लागतात. ५व्या शतकातलं काम आहे हे. शेजारी सान व्हिताले चर्च, ५४७ साली अभिषेक झालेलं, सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा दोघेही तिथे भिंतीवरच्या मोझेकमध्ये उभे. आणि काकूंना एकही जिना नाही.

कॉलेज रोडवाला:
तुम्ही दोघं जेवणाचं बोलतच नाही आहात. काकू शाकाहारी असतील तर बोलोन्यात पंचाईत. तिथला रागू हा पास्त्याचा सॉस म्हणजे खिमाच, मोर्तादेल्ला सॉसेज डुकराचं. नेपल्सला जा, मार्गेरिता पिझ्झा खा, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पॉम्पेई बघा.

गंगापूर रोडकर:
आई शाकाहारीच आहे, पण एवढं अवघड नाही. टॉर्टेलिनी या सारण भरलेल्या पास्त्यात मांस असतं, टॉर्टेलोनीत बहुतेक वेळा रिकोटा चीज आणि पालक. आकाराने मोठे ते आपले. तरीही प्रत्येक ठिकाणी विचारूनच घेणार. पॉम्पेईचे दगडी रस्ते मात्र तिच्या पायांना झेपणार नाहीत.

पंचवटीकर:
मी माझ्या मतावर ठाम आहे. काकूंना जिने नकोत तर रोममध्ये सान लुईजी दे फ्रांचेझी आहे. बिनतिकिटाचं चर्च, आत चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं. बाकावर बसून हवा तेवढा वेळ बघा. रोमला निदान तीन रात्री द्या. रावेन्ना पळून जात नाही.

सिडकोची ताई:
रोम तरी कुठे पळून जातंय? दादा, रावेन्नाच्या त्या स्मारकांचं एकत्र तिकीट मिळतं, पण गाल्ला प्लाचिदियाची वेळ आधी राखून ठेवा. सकाळची घ्या.