काळ्या रानात हवेचा घुमट टिकेल का?

पूर्णाकाठ
तालुका क्रीडा संकुलाच्या मैदानावर 30 बाय 40 मीटरचा, हवेने फुगवलेला घुमट उभारावा असं माझं मत आहे. दोन कबड्डीची मैदानं अन् एक व्हॉलीबॉलचं आरामात बसतं, मधात एकही खांब नाही. पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिस्टर कापड, आत बाहेरच्यापेक्षा फक्त 250 पास्कल जास्त दाब. जपानमधलं टोकियो डोम स्टेडियम 1988 पासून हवेवरच उभं आहे. पावसाळाभर पोरांचा सराव बुडतो, तो बुडणार नाही.

मुरूम लागेपर्यंत
टोकियोचं छत पाहिलं, पण आपली जमीन पाहिली का भौ? 1200 चौरस मीटरवर 250 पास्कल म्हणजे 30 टनांची वर ओढ, तेही वारा नसताना. काळ्या मातीत ठोकलेल्या खुंट्या मे महिन्यात सैल होतात, कारण भेगा तेव्हाच सर्वांत रुंद असतात. अन् वावधान, म्हणजे वादळी वारंही तेव्हाच सुटतं.

पूर्णाकाठ
खुंट्या कोण ठोकतंय? परिघ 140 मीटर, म्हणजे मीटरमागे 215 किलोची ओढ. अर्धा मीटर रुंद, 60 सेंटिमीटर खोल काँक्रीट पट्टा मीटरमागे 720 किलो भरतो. झालं काम.

मुरूम लागेपर्यंत
शांत हवेत झालं. आयएस 875 या भारतीय मानकाच्या भाग 3 मध्ये नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रतिसेकंद आहे. 0.6 गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे 1160 पास्कलच्या आसपास. घुमटाच्या माथ्यावर वारा दाबत नाही, वर ओढतो; ती ओढ आतल्या दाबात मिळवा. पट्टा लागेलच, पण अंडर-रीम्ड पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांवर: खाली बोअरच्या अडीचपट रुंदीचा कंद, तोही माती जिथं फुगत-आकसत नाही त्या खोलीवर. पट्ट्याखाली 8 सेंटिमीटर पोकळी सोडा, नाहीतर पावसाळ्यात माती फुगून पट्टाच उचलते.

गावठाण फीडर
पाया होईल हो, विजेचं काय? घुमटात हवा भरणाऱ्या पंख्याची 5 अश्वशक्तीची मोटर चोवीस तास फिरली की रोज 90 युनिट, कोणी खेळो न खेळो. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला तर? वीज जाताच आपोआप सुरू होणारं डिझेल इंजिन हवं, तेही थेट दुसऱ्या, राखीव पंख्याला जोडलेलं. अन् बंद पंख्याच्या तोंडाशी उलटझडप पाहिजेच. ती नसली तर चालू पंखा हवा भरतो अन् बंद पंख्यातून तीच बाहेर जाते. झडपेत पाखरांनी काड्या कोंबल्या तरी तेच. आठवड्यातून एकदा मेन स्विच पाडून पाहणारा माणूस नेमणार कोण?

खारपाणपट्टा
45 अंशांत कापडाखाली भट्टी होईल. डेझर्ट कूलर लावू म्हणणाऱ्यांनी ऐका: कूलरचा पातळ पात्यांचा पंखा 250 पास्कलपुढे हवा ढकलूच शकत नाही, उलट आतली हवा पॅडमधून बाहेर येईल. सेंट्रिफ्युगल ब्लोअर, म्हणजे दाबाविरुद्धही हवा ढकलणारा पंखा लागेल, दुसऱ्या बाजूला हवा सोडायची झडप लागेल. वरून आपलं बोअरचं खारं पाणी: एका उन्हाळ्यात पॅडवर पांढरा थर. अन् पावसाळ्यात, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेव्हा कूलर गारवा देतच नाही.

पूर्णाकाठ
उन्हाळ्यात सकाळी साडेपाच ते आठ अन् रात्री खेळा. घुमटाऐवजी पत्र्याची शेड घातली तर तिच्याखाली काय महाबळेश्वर आहे?

मुरूम लागेपर्यंत
पत्र्याच्या शेडच्या चारही बाजू उघड्या राहतात, राजेहो. तुमच्या घुमटाचं साधं दारही उघडं ठेवता येत नाही. 1 बाय 2 मीटरच्या दारावर 50 किलोचा जोर, कडी काढली की पोराच्या तोंडावर आदळेल. फिरतं दार, किंवा दोन दारांची मधली खोली हवी.

पूर्णाकाठ
दाराचा मुद्दा मान्य, अंदाजपत्रकात टाकतो. अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा मेट्रोडोम, हाही हवेवरचाच, 2010 च्या डिसेंबरात बसला, हे कोणी लिहिण्याआधीच सांगतो: तो बर्फाने बसला. आपल्याकडे बर्फ कुठं?

गावठाण फीडर
गारा आहेत की. 250 पास्कल म्हणजे 25 मिलिमीटर पाण्याचं वजन. दाब कमी होऊन माथ्यावर खळगा पडला अन् त्यात एवढं पाणी किंवा वितळत्या गारा साचल्या, की खळगा स्वतःच्या वजनाने वाढत जातो. अवकाळीच्या वेळी वीजही तेव्हाच जाते. दाब दाखवणारी पाण्याची यू-नळी पहारेकऱ्याच्या खोलीत लावा, 20 मिलिमीटरवर लाल खूण करा. अन् इंजिनाच्या टाकीला कुलूप लावा, नाहीतर डिझेल कोणाच्या ट्रॅक्टरमध्ये जाईल ते वेगळं सांगायला नको.