'कही' लिहावं की 'रसद'?

गोदाकाठ: घोडदळाच्या मोहिमांवरचा एक मजकूर मराठीत करते आहे. मुक्कामावरून निघून आसपासच्या रानातून दाणा-वैरण गोळा करून आणणारे स्वार त्यात सारखे येतात. मी 'रसद आणायला गेलेले स्वार' लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी खोडून 'कहीवर गेलेले' केलं. त्यांचं म्हणणं, मागून येते ती रसद, आपण जाऊन आणायची ती कही. फरक पटतो, पण नाशकात हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तुम्ही काय लिहाल?

बखरवाचक: कहीच लिहा, ताई. जुन्या कागदांत 'कही', 'कहीकबाड' भेटतात. पानिपतावर ही दोन वेगळी संकटं होती. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि मागून यायचं ते आटलं. ही रसद तुटली. रात्री गवत-लाकूडफाट्यासाठी छावणीबाहेर पडलेली माणसं अफगाण स्वारांनी कापली. ही कही बंद झाली. १४ जानेवारीला लोक उपाशी लढले ते दोन्हींमुळे. सगळ्याला 'रसद' म्हटलंत तर वाचकाला यातलं अर्धंच कळेल.

सिन्नरी: दोन्ही शब्द फारसी. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? 'वैरणपथक' लिहा.

रविवार कारंजा: रसद फारसी कशी? अन्नाचा रस पुरवते ती रसद, असं आमचे आजोबा सांगायचे.

बखरवाचक: आजोबांचा मान राखून सांगतो, फारसीत 'रसीदन' म्हणजे पोचणं. पैसे पोचल्याची रसीद त्याच घरातली. आणि 'काह' म्हणजे वाळलं गवत, त्यावरून कही.

देवळालीकर: 'वैरणपथक' मला चालणार नाही. कहीत गवत येतं, तसा माणसांचा दाणा आणि चुलीचं सरपणही येतं. जरा हिशेब करा. घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुका चारा लागतो. तीनशे किलोचं घोडं धरलं तर सहा किलो, हजार घोड्यांना सहा टन, तेही एका दिवसाचं. वंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य लादून फौजेला पोचवत, पण दौडत्या स्वारांच्या मागे बैल किती पळणार? म्हणून तर सीमोल्लंघन दसऱ्याला: नद्या उतरलेल्या, रानात पीक आणि गवत तयार. ज्याच्या रानात कही शिरायची त्या कुणब्याचं काय व्हायचं, हेही तुमच्या मजकुरात येऊ द्या. चिपळूणकडच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात महाराजांनी नेमकी तीच काळजी केली आहे.

रविवार कारंजा: आजोबांचा पंचवटीत टांगा होता. तोबऱ्यात भिजवलेले हरभरे घालायचे आणि 'चंदी झाली का?' असं विचारायचे. घोड्याच्या खाण्याला चंदीच म्हणा.

बखरवाचक: चंदी म्हणजे घोड्याचा रोजचा ठरलेला दाणा. तो कुठून आणला, ते त्या शब्दात येत नाही.

येवलेकर: पहिला बाजीराव घोड्यावर बसल्या बसल्या जोंधळ्याची कणसं हातावर चोळून खायचा, अशी आख्यायिका आहे. त्याला काय म्हणाल, कही की शिदोरी? पालखेडला १७२८ च्या फेब्रुवारीत निजामाला कोंडलं, तेव्हा आपल्याकडे हुरड्याचेच दिवस असणार.

सिन्नरी: हुरडा भाजलेला असतो. चोळून खाल्ली ती नुसती कणसं. आणि आमच्याकडे बाजरीचं असेल तर ते निंबूर.

येवलेकर: आम्ही ज्वारीच्यालाही निंबूरच म्हणतो.

सिन्नरी: चूक. ज्वारीचा हुरडा, बाजरीचं निंबूर.

गोदाकाठ: पहिल्या ठिकाणी 'दाणा-वैरणीसाठी कहीवर गेलेले स्वार' आणि पुढे नुसतं 'कही', असं केलं तर?

सिन्नरी: मेलेला फारसी शब्द उठवू नका. 'वैरणपथक' आवडत नसेल तर 'दाणावैरणीची टोळी' करा.

देवळालीकर: टोळी लुटारूंची असते. येवलेकर, तुमच्याकडे निंबूर शेणीच्या आरावर भाजतात की तुराट्यांवर?