लग्नातला हार रेझिनमध्ये बसवायचाय, नेमकं कुठलं रेझिन घ्यावं?

विश्रामबाग_सांगली

नमस्कार मंडळी, थोडी मदत पाहिजे. वैशाखात आमच्या दादाचं लग्न झालं, दोघांचे हार, थोड्या अक्षता आणि वहिनीच्या काकणातलं हळकुंड असं सगळं मी जपून ठेवलंय, ते रेझिनमध्ये (ओतलं की काचेसारखं कडक होतं ते) बसवून त्यांच्या पहिल्या दिवाळीला द्यायचंय. हार गुलाब, निशिगंध आणि मध्ये मध्ये शेवंती असा आहे, घरात पंख्याखाली वाळवलाय, हाताला कोरडा लागतो पण शेवंतीच्या देठाकडं अजून जरा मऊ वाटतं.

घोळ असा झालाय की एका दुकानदाराने यूव्ही रेझिन घ्या म्हणून सांगितलं, यूव्ही दिव्याखाली पाच मिनिटात सुकतं म्हणे. दुसऱ्याने इपॉक्सी दाखवलं, त्यात पण एक २:१ वालं आणि एक ३:१ वालं, आणि फरक विचारला तर दोन्ही सारखंच आहे म्हणाला. आणि आमच्या शेजारचे काका म्हणतात कुपवाड एमआयडीसीत फायबरवाले वापरतात ते पॉलिस्टर रेझिन घे, निम्म्यात काम होईल. साचा मी १० इंच गोल आणि २ इंच खोल असा सिलिकॉनचा बघून ठेवलाय. आधी कधी रेझिनला हात लावलेला नाही. फुलं एकदाच आहेत, परत मिळणार नाहीत, म्हणून विचारतेय. आणि आत्ता पावसात करू का थांबू?

फायबरकाम_कुपवाड

ताई, मी फायबरच्याच धंद्यात आहे, पत्रे, टाक्या, मूर्ती सगळं पॉलिस्टरमध्ये करतो, तरी तुम्हाला सांगतो की या कामाला ते नको. स्वस्त आहे हे खरं पण एक तर त्यात स्टायरिन असतं, त्याचा वास घरात बसतो आणि डोकं धरतं, उघड्या शेडमध्ये काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे ते घट्ट होताना आकसतं, जाड ओतलं की ताण येऊन तडे जातात. साधं जीपी म्हणजे जनरल पर्पज पॉलिस्टर तर ओतल्यावर स्वच्छ पारदर्शक दिसतच नाही, लवकर कडक व्हावं म्हणून घालतात त्या कोबाल्टमुळं गुलाबी नाहीतर हिरवट झाक राहते. क्लिअर कास्टिंगचं पॉलिस्टर वेगळं येतं पण ते सुद्धा हवेला लागलेल्या बाजूनं चिकट राहतं, मग घासा, पॉलिश करा, ते आलंच.

आणि कुणी स्वस्तात मिळतं म्हणून घेणारच असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. कोबाल्ट आणि एमईकेपी (पॉलिस्टर कडक करणारं रसायन) हे दोन्ही थेट एकमेकात कधीही मिसळायचं नाही, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि मग शेवटी एमईकेपी टाकायचं, तेही शेकडा एक-दोन टक्केच. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावल्याशिवाय आम्ही बाटली उघडू देत नाही पोरांना. घरात लहान मुलं असतील तर हा माल आणूच नका.

सातारा_रेझिनघर

वरच्या फायबरकामवाल्यांनी बरोबर सांगितलंय. तुमच्या कामाला इपॉक्सीच, पण कुठलंही इपॉक्सी नाही. दोन्ही सारखंच म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊच नका. २:१ का ३:१ हे फक्त रेझिन कडक करणारं हार्डनर किती घालायचं ते सांगतं, त्यावरून रेझिन कशासाठी आहे ते कळत नाही. डब्यावर बघायचं ते हे की एका वेळी किती जाडीचा थर ओतायला चालतो. कोटिंगचं असतं ते घट्ट, लवकर धरणारं म्हणजे कडक होणारं, एका वेळी काही मिलिमीटरच. कास्टिंगचं किंवा डीप पोअर म्हणतात ते पाण्यासारखं पातळ, हळू धरतं, एक दोन दिवस घेतं, काही पाच सेंटिमीटरपर्यंत एकदम ओतता येतात. तुम्हाला हे दुसरं पाहिजे.

हे का, तर इपॉक्सी धरताना स्वतः तापतं, आणि जेवढा मोठा गोळा एकत्र तेवढी आतली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. कोटिंगचं रेझिन दोन इंच एकदम ओतलं तर मध्यभागी उकळल्यासारखं होतं, पिवळं पडतं, तडकतं, धूर पण येतो, आणि आतली फुलं भाजून निघतात. कपात मिसळून ठेवलेलं उरलं तरी तेच होतं, म्हणून मिसळलं की लगेच साच्यात, कप हातात धरून गप्पा मारत बसायचं नाही.

यूव्हीचं बाद. ते कानातले, कीचेन असल्या दोन-तीन मिलिमीटरच्या कामाला छान आहे, पण प्रकाश पोचेल तिथंच ते धरतं. तुमच्या गुलाबाखाली सावली पडणार आणि तिथं आत ओलंच राहणार, वरून कडक लागतं म्हणून कळत पण नाही.

आता साचा. १० इंच गोल गुणिले २ इंच म्हणजे अडीच लिटरच्या वर रेझिन लागतं आणि ती वस्तू पावणेतीन किलोच्या आसपास भरणार. भिंतीला टांगायचं असेल तर खिळा कसला लावणार ते आधी ठरवा. सव्वा इंच खोलीचा घ्या, फुलं निवडून बसवा, खर्च पण बराच खाली येतो.

फुलांचं सगळ्यात महत्त्वाचं. देठाकडं मऊ आहे म्हणजे पाणी आहे, आणि पाणी असलेलं फूल रेझिनमध्ये गेलं की आतल्या आत तपकिरी होतं, भोवती दुधाळ डाग येतो, बुडबुडे येतात. सिलिका जेलचे खडे घ्या, रंग बदलणारे मिळतात, हवाबंद डब्यात फुलं त्यात पूर्ण बुडवून आठवडा दीड आठवडा ठेवा, खड्यांचा रंग बदलला की मंद तापवून परत वापरा. शेवंती सुटी करून पाकळ्याच घ्या, मधला गड्डा सुकत नाही लवकर. आणि मनाची तयारी अशी ठेवा की निशिगंध पांढराशुभ्र राहणार नाही, बदामी होणार, रेझिन लागलं की पाकळी अजून पारदर्शक दिसते. लाल गुलाब मात्र काळपट मरून रंगाचा होऊन सुंदर दिसतो. मी असते तर गुलाब जास्त आणि निशिगंध दोन चार कळ्या एवढंच घेतलं असतं.

विश्रामबाग_सांगली

बापरे, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार दोघांचे. सव्वा इंचाचा साचा बघते. मोजायचं कसं, कपावरच्या रेषांनी का वजनाने? आणि हळकुंड अक्षता तशाच टाकल्या तर चालतील का? त्या कोरड्याच आहेत.

सातारा_रेझिनघर

डब्यावर जे लिहिलंय ते. मापाने २:१ लिहिलं असेल तर मापाने, वजनाने लिहिलं असेल तर काट्यावर. रेझिन जड असतं आणि हार्डनर हलकं, म्हणून मापाचं २:१ काट्यावर २:१ धरलं की हार्डनर जास्त पडतं आणि वस्तू कायम रबरासारखी वाकते. बऱ्याच कंपन्या दोन्ही प्रमाणं देतात, दिलं असेल तर काटाच वापरा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा काटा पुरतो. लवकर धरावं म्हणून हार्डनर वाढवायचं नाही, त्याने लवकर धरत नाही, बिघडतं. तीन चार मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडून, मग दुसऱ्या कोरड्या कपात ओतून परत एकदा ढवळा. चिकट राहिलेल्या बहुतेक कामात कारण हेच निघतं की कडेचं रेझिन मिसळलंच नव्हतं.

हळकुंडाचा प्रश्न चांगला विचारलात. हार्डनरमध्ये अमाईन असतं आणि ते अल्कली आहे, हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, हळदीचं कुंकू करणाऱ्यांना हे माहीतच आहे. तसंच टाकलं तर हळकुंडाभोवती लालसर ओघळ उठू शकतो. अक्षता हळदीच्या असतील तर त्यांना पण हेच, कुंकवाच्या असतील तर रंग सुटायची भीती. क्लिअर ॲक्रिलिक स्प्रेचे दोन तीन हात मारा, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, आणि आधी चार अक्षता आणि हळदीचा तुकडा बाटलीच्या झाकणात ओतून बघा. काकणाचा दोरा पण स्प्रे करा, त्यातून हवेचे बुडबुडे येत राहतात.

फायबरकाम_कुपवाड

यात माझं एक. साच्याचा तळ हीच तुमची दर्शनी बाजू होणार, म्हणून आधी तीन चार मिलिमीटरचा थर ओता आणि तो चिकट जेलीसारखा झाला की फुलं पालथी मांडा. प्रत्येक फूल आधी थोड्या रेझिनमध्ये बुडवून घ्या म्हणजे पाकळ्यांतली हवा तिथंच निघते. एकदम ओतलं तर सगळी फुलं तरंगून वर येतात. पुढचा थर पण असाच, खालचा बोटाला चिकटतोय पण बोटावर येत नाही अशा वेळी ओतायचा. पूर्ण कडक झाला असेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पुसून मगच.

वाई_प्राची

मध्येच विचारते, मी वाईची आहे, आता पुढच्या महिन्यात कासला फुलं येतील, ती वाळवून पेंडंट करायचा विचार आहे. छोटी फुलं आहेत, यूव्हीत बसतील ना?

सातारा_रेझिनघर

प्राची, कासची फुलं नको. तोडायला मनाई आहे आणि मनाई नसती तरी नको म्हटलं असतं. कास हे २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या पश्चिम घाटातलं ठिकाण आहे, तिथल्या कातळावर मातीचा थर जेमतेम आणि बरीच फुलं एका हंगामाची, बी पडलं तरच पुढच्या वर्षी येणार. आम्ही साताऱ्याची माणसं तिथली गर्दी आवरता आवरता थकलोय. तुझ्या कुंडीतला गोकर्ण घे, पुस्तकात दाबून वाळव, निळा रंग बऱ्यापैकी टिकतो आणि दोन मिलिमीटरच्या पेंडंटमध्ये यूव्ही मस्त बसतं. गडद रंग मात्र रेझिनमध्ये घालू नको, त्यातून प्रकाश जात नाही.

वाई_प्राची

बरोबर आहे ताई, कासचं नाव काढत नाही. गोकर्ण दारातच आहे.

विश्रामबाग_सांगली

शेवटचं, पावसाचं राहिलं. आणि घरात करताना काय काळजी घेऊ? आईला दमा आहे.

सातारा_रेझिनघर

दिवाळीला द्यायचंय तर घाई नाही, फुलं आत्ता सिलिकात घाला आणि ओतायचं काम नवरात्राच्या आसपास उघडीप बघून करा. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट पापुद्रा येतो, तो कोमट पाणी आणि मऊ घासणीने निघतो, पण दोन थरांच्या मध्ये राहिला तर थर सुटतात. उन्हाळ्यात उलटं, सांगलीच्या एप्रिलात मिसळलेलं रेझिन बघता बघता हातात धरतं. पंचवीस ते तीस अंशाची खोली सगळ्यात सोयीची.

आईंना दमा आहे तर घरात करूच नका, गच्चीवरची खोली किंवा ओळखीच्या कुणाची रिकामी शेड बघा आणि कडक होईपर्यंत तुकडा तिथंच ठेवा. वास येत नाही म्हणून लिहिलेल्या रेझिनला सुद्धा हेच. तुम्हाला ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि नायट्राईलचे हातमोजे लागतील, कापडी मास्क याला काही कामाचा नाही, घासतानाच्या बारीक धुळीला पण एन-९५ सारखा मास्क लागतो. कातडीला लागलं तर साबणाने धुवा, थिनरने पुसू नका. काही लोकांना वारंवार लागून ॲलर्जी होते आणि ती मग जात नाही, इपॉक्सी जवळ आलं तरी पुरळ उठतं, त्यामुळं पहिल्या दिवसापासून हातमोजे. उरलेलं मोरीत ओतायचं नाही, कपातच कडक होऊ द्यायचं आणि मग कचऱ्यात.

साच्यातून दोन तीन दिवसांनी काढा पण पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो, तोवर उभं करून ठेवू नका, वाकतं. आणि वहिनींना सांगून ठेवा की उन्हाच्या खिडकीत लावायचं नाही, रेझिनमध्ये उन्हाचा परिणाम कमी करणारं यूव्ही स्टॅबिलायझर असलं तरी पिवळं पडणं फक्त लांबतं.

विश्रामबाग_सांगली

सगळं वहीत लिहून घेतलं. सिलिका आजच मागवते, झाकणातली टेस्ट झाली की हळदीचं काय झालं ते इथंच फोटो टाकून सांगते.