आर्म्स ॲक्टमधे शिक्षा झाली, अपिलासाठी वकील सुचवा (ग्वाल्हेर)

लष्करची_नात: मामेभावाला मॅजिस्ट्रेट कोर्टाने काल २ वर्षं दिली, वर दंड. २०१८ची केस, गाडीच्या डिकीत कट्टा सापडला होता. जामिनावर होता म्हणून अपिलासाठी महिनाभर शिक्षा थांबवलीय. जुने वकीलकाका सत्तरीच्या पुढचे, थकलेत. बजेट २५ हजार, त्यावर एक रुपया नाही. नावं प्लीज व्यनि करा.

सदाशिवपेठी: कट्टा सापडला म्हणून शिक्षा? आमच्याकडे कट्ट्यावर बसून लोकांची पेन्शनं निघाली.

मुरारवाला: भाऊ इकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. ताई टेन्शनमधे आहेत, जोक नंतर.

शेव_इंदूरी: सरळ हायकोर्टाच्या बेंचला जा!! माझ्या साडूने जमिनीच्या केसला सीनियर लावला, दीड लाख घेतले पण काय बोलला माणूस, समोरचा वकील गप्पच.

निवृत्त_पेशकार: अहो जमिनीचं आणि याचं काय. मॅजिस्ट्रेटची शिक्षा म्हणजे अपील सेशन्स कोर्टाला, ३० दिवसांत. निकालाच्या नकलेला लागलेले दिवस वजा होतात पण त्या भरवशावर राहू नका. आणि आरोपीला निकालाची एक प्रत फुकट मिळते, कोणाला चहापाणी देऊ नका. मग बघा, खटला चालवायला कलम ३९ची कलेक्टरची मंजुरी आहे का, ती देताना हत्यार त्यांच्यासमोर ठेवलं होतं का, जागेवर सील झालं का, आणि आर्मररने (हत्यार तपासणारा पोलीस) चालवून बघितलं की नुसतं "चालू हालत में" लिहून दिलं. पंच फुटले असतील तर तेही.

सदाशिवपेठी: संजय दत्तने एवढे वकील लावले, २०१३ला सुप्रीम कोर्टाने ६ची ५ केली. एक वर्ष सुटलं फक्त.

बडोदेकर_सून: ३० दिवस आहेत हं, लक्षात ठेवा. आमच्या सासऱ्यांकडे लायसनची बंदूक आहे, दर इलेक्शनला ठाण्यात जमा करा, परत आणा, नुसती कटकट.

मुरारवाला: ३० दिवसांचं वर सांगून झालंय. मुद्द्याचं हे की किमान २, कमाल ५ वर्षं हे डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीनंतर. केस २०१८ची तर जुना कायदा, १ ते ३. निकालात "किमान शिक्षा २ वर्षं" असं लिहिलंय का ते आधी बघा.

शेव_इंदूरी: म्हणूनच म्हणतो सीनियर लावा. दीड लाखात होतं काम.

लष्करची_नात: मुरारवाला, तुम्हाला काय सांगू, अगदी तसंच लिहिलंय! पान ११. सगळ्यांनी वकील बदला म्हणून व्यनि केले, रेट वाचून आईचं बीपी वाढलं. शेवटी काकांनाच देतोय. सहा वर्षं एक पेशी चुकवली नाही त्यांनी, आणि आर्मरर उलटतपासणीत काय बोलला ते तोंडपाठ आहे. १२ हजार म्हणाले. पान ११ दाखवलं तर चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाले, हे माझ्या नजरेतून कसं सुटलं.

शेव_इंदूरी: बघा, मी सांगत होतो.