स्पीकर बॉक्सची फळी थरथरते, काय करू?

मंडळी जरा मदत हवी आहे. १० इंची वूफरसाठी (खर्जाचा स्पीकर) घरीच १२ एमएम प्लायचा बॉक्स ठोकला, पण पखवाज लागला की बाजूची फळी एवढी थरथरते की वर ठेवलेली गाडीची चावी सरकत सरकत खाली पडते. टकटक केलं तर रिकाम्या डब्यासारखं वाजतं. आत पॉलिफिल (उशीत भरतात तो कृत्रिम कापूस) भरून झालं, त्याने आतल्या हवेचा घुमारा कमी झाला पण फळी काय ऐकेना (कापसाने लाकूड थांबतंय होय!). आता दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी पट्टी टाकू की गाडीच्या दरवाज्यात लावतात ती बिटुमेन (डांबरी) शीट चिकटवू? पट्टी बरोब्बर मधोमध नको, थोडी सरकवून लाव असं मित्र म्हणतो, खरंय का? आणि पट्टीने आतली जागा खाल्ली तर पोर्टचं (बॉक्सला हवेसाठी ठेवलेल्या नळीचं) ट्युनिंग, म्हणजे ती ज्या सुरावर घुमते तो सूर, किती हलेल?