डाऊन सिंड्रोम: दात किडलेले नाहीत, तरी हिरड्यांतून रक्त का येतं?

फोंड्याची_आई
मुलगी 7 वर्षांची, डाऊन सिंड्रोम. एकही दात किडलेला नाही. पण खालच्या पुढच्या चार दातांपाशी हिरडी लाल आणि फुगीर आहे, ब्रश लागला की रक्त येतं. त्यातला एक दात हलतो. याच दातांना जिभेच्या बाजूने पिवळट कठीण थर दिसतो. तोंड बहुतेक वेळ उघडं, रात्री घोरते. हृदयाला छिद्र (व्हीएसडी) होतं, ते 3 वर्षांपूर्वी पॅच लावून बंद केलं. दात पडायचं वय आहे म्हणून थांबावं का? जंतू मारणारी चूळ द्यावी का? घरातले खोबरेल तेलाच्या गुळण्या सुचवतात. ब्रश आत नेला की जीभ तो बाहेर ढकलते, त्याला काय करावं?

बालदंतवैद्य_तिसवाडी
ताई, थांबू नका. या मुलांमध्ये कीड कमी दिसते, कारण दात उशिरा येतात, त्यांच्यात फटी असतात आणि काही दात मुळात आलेलेच नसतात. म्हणून घरच्यांना वाटतं तोंड ठीक आहे. खरं दुखणं हिरडीत आणि तिच्याखालच्या हाडात असतं, आणि बहुतेकदा ते याच खालच्या चार दातांपासून सुरू होतं.

कारण दुहेरी आहे. हिरडीच्या कडेला साचलेल्या थरात प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनरेला फॉर्सिथिया, ट्रेपोनेमा डेंटिकोला ही त्यांतली नावं. इतर मुलांच्या मानाने डाऊन सिंड्रोममध्ये ते फार लवकर, दुधाच्या दातांच्या वयातच ठाण मांडतात. दुसरी बाजू शरीराची. जिवाणूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी जागेवर वेळेत पोचत नाहीत. उलट सूज मात्र जास्त येते, कारण इंटरफेरॉनचा (जंतू शिरल्यावर पेशी सोडतात त्या प्रथिनाचा) संदेश पकडणारी चार जनुकं 21व्या गुणसूत्रावर आहेत आणि इथे त्या गुणसूत्राची प्रत एक जास्त आहे. म्हणून भावंडाच्या दातांवर तेवढाच मळ असला तरी त्याची हिरडी तग धरते, हिची सुजते. यात तुमची हयगय झाली असं मनात आणू नका.

आता हलणारा दात. डाऊन सिंड्रोममध्ये पक्के दात उशिरा येतात, त्यामुळे 7व्या वर्षी हलणारा दुधाचा दात पडायला आलाय असं धरून चालत नाही. छोटा एक्स-रे काढला की कळतं: खालून पक्का दात वर सरकून दुधाच्या दाताचं मूळ विरघळलं असेल तर ते नैसर्गिक आहे. मूळ शाबूत आणि भोवतीचं हाड खाली गेलेलं दिसलं तर हिरडीचा आजार आहे. हे आत्ताच कळायला हवं, कारण या मुलांच्या पक्क्या दातांची मुळंही आखूड असतात. थोडं हाड गेलं तरी दात खिळखिळा होतो.

पिवळट कठीण थर म्हणजे किटण. लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिभेखाली तिथेच उघडतात, म्हणून ते तिथे आधी धरतं. ब्रशने निघत नाही, नखाने किंवा पिनेने खरवडू नका. स्केलिंग (दंतवैद्याकडून किटण काढणं) करून घ्या आणि पुढे दर 3 महिन्यांनी तपासणी. इतर मुलांचा 6 महिन्यांचा हिशेब इथे लागू नाही. त्याच भेटीत दातांना फ्लोराइड वार्निशही लावून घ्या. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) जवळच असल्याने हृदयाचे कागद दाखवायचे झाले तर तेही सोयीचं.

थेरपिस्ट_म्हापसा
ब्रशबद्दल लिहिते. 7 वर्षांच्या या मुलीच्या हाताला अजून ते नेमकेपण नाही. सकाळी तिला स्वतः घासू द्या, पण रात्रीचा ब्रश मोठ्या माणसाच्याच हाताने व्हायला हवा.

तिला पलंगावर आडवी घ्या, डोकं तुमच्या मांडीवर, मानेखाली पातळ टॉवेल. मान मागे ताणू नका. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे पहिले दोन मणके सैल असू शकतात, दंतवैद्याच्या खुर्चीतही हे आधी सांगा. डाव्या हाताची तर्जनी गालाच्या आतून, दातांच्या बाहेर ठेवा. दातांच्या मध्ये बोट घालू नका, चावलं जातं. छोट्या डोक्याचा मऊ ब्रश घ्या, केस हिरडीच्या कडेवर तिरके टेकवा आणि जागच्या जागी 8-10 बारीक हेलकावे द्या. मग शेजारचे दोन दात. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू सर्वांत आधी उरका, कारण तिचा धीर पहिल्या अर्ध्या मिनिटातच जास्त असतो. तिथे ब्रश उभा धरून टोकाकडचे केस वापरा. जीभ ढकलते तेव्हा जोर लावू नका. ब्रशची पाठ जिभेच्या कडेवर हलकेच दाबून तीन आकडे मोजा, जीभ ढिली पडली की काम करा. तिच्या हातात दुसरा ब्रश द्या, म्हणजे हात गुंततात.

रक्त आलं म्हणून ती जागा सोडू नका, बहुतेक जण इथेच चुकतात. नीट घासल्यावर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं, पण किटण निघाल्याशिवाय नाही.

खोबरेल तेल नको. तोंडाचे स्नायू ढिले असलेल्या मुलाला गुळणी थोपवता येत नाही, तेल श्वासनलिकेत उतरू शकतं आणि फुप्फुसाला त्रास होतो.

फोंड्याची_आई
आभारी आहे. चूळ आणि हृदयाचं तेवढं राहिलं. स्केलिंगच्या आधी अँटिबायोटिक लागेल का? ब्रशवर किती पेस्ट घ्यायची तेही सांगा.

बालदंतवैद्य_तिसवाडी
पेस्ट वाटाण्याएवढी. ट्यूबवर 1000 पीपीएम फ्लोराइड लिहिलेलं पाहा, आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतं. थुंकू द्या, पण नंतर पाण्याने खळखळून चूळ नको.

जंतू मारणारी चूळ म्हणजे क्लोरहेक्सिडिन 0.2 टक्के. थुंकता येत नसेल तर ती चूळ म्हणून देऊच नका. कापसाच्या काडीवर घेऊन हिरडीच्या कडेने फिरवा, दिवसातून दोनदा, 2 आठवडे, तेही स्केलिंगनंतर. पेस्ट आणि ती यांच्यात अर्धा तास ठेवा, पेस्टमधला फेस आणणारा पदार्थ तिचा गुण मारतो. जास्त दिवस वापरली तर दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. किटणाच्या थराखाली ती पोचत नाही, म्हणून ब्रशऐवजी वापरून फायदा नाही.

हृदयाचं: पॅच लावून 6 महिने उलटले असतील आणि कुठे गळती उरलेली नसेल तर स्केलिंगआधी अँटिबायोटिकची सहसा गरज नसते. गळती उरली असेल तर लागतं: अमॉक्सिसिलिन, किलोमागे 50 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 2 ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी एकदाच. शेवटच्या इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद घेऊन हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, स्वतः देऊ नका.

आणि घोरणं मागे टाकू नका. उघड्या तोंडाने हवा आत-बाहेर होऊन पुढची हिरडी सुकते आणि त्याच जागेची सूज वाढते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून अ‍ॅडिनॉइड (नाकामागची गाठ) तपासून घ्या. झोपेचा अभ्यास (स्लीप स्टडी, झोपेतल्या श्वासाची तपासणी) झाला नसेल तर तोही करून घ्या, डाऊन सिंड्रोममध्ये तो 4 वर्षांच्या आत व्हावा अशी शिफारस आहे.

थेरपिस्ट_म्हापसा
एक राहिलं. खोकल्याचं गोड सिरप रात्री ब्रश झाल्यावर देऊ नका, आधी द्या. जत्रेतलं खाजं आणि चवथीच्या नेवऱ्या जेवणाबरोबर चालतील, दिवसभर हातात नकोत. गूळ दातांच्या फटींत चिकटून बसतो, आणि तिची जीभ तो चाटून काढू शकत नाही.